नाव, रंग आणि क्रियापद : लहान मुलांच्या पुरळाविषयीच्या मराठी आरोग्यलेखनाची चिकित्सा

सारांश :
एक ते तीन वर्षे वयाच्या मुलाच्या अंगावर पुरळ उठते, तेव्हा घरातील माणसांपुढे ‘आत्ताच दवाखान्यात न्यावे की सकाळपर्यंत थांबावे?’ हा प्रश्न उभा असतो. मराठीतील लोकाभिमुख आरोग्यलेखन मात्र बहुधा ‘हा कोणता आजार?’ या वेगळ्याच प्रश्नाचे उत्तर देत आले आहे. आजारांची नावे, पुरळाच्या वर्णनातील रंग आणि पुरळासाठी योजली जाणारी क्रियापदे या तीन अंगांनी प्रस्तुत लेखात या लेखनप्रकाराची चिकित्सा केली असून, निर्णयाला उपयोगी पडणाऱ्या भाषेचे स्वरूप सुचविले आहे.

बीजशब्द : पुरळ, गोवर, आरोग्यलेखन, लोकभाषा, निर्णयप्रक्रिया.

१. प्रास्ताविक :
काही वर्षांपूर्वीच्या पावसाळ्यात प्रस्तुत लेखिकेच्या सव्वा वर्षाच्या मुलीला ताप आला आणि दुसऱ्या दिवशी रात्री साडेअकराच्या सुमारास तिच्या पोटावर व मांड्यांवर बारीक ठिपके दिसू लागले. घरात बालसंगोपनावरील दोन पुस्तके होती आणि वर्तमानपत्राच्या पुरवणीतील एक कात्रणही जपून ठेवलेले होते. तिन्ही मजकूर वाचून गोवर, कांजिण्या, घामोळे आणि पित्त यांची लक्षणे समजली. परंतु समोरच्या ठिपक्यांना यांपैकी कोणते नाव द्यावे ते समजले नाही. सासूबाई म्हणाल्या, “बाहेर पडतंय ते बरंच आहे, सकाळी बघू.” त्यांच्या म्हणण्याला पिढ्यांचा अनुभव होता. तरीही आम्ही निघालो. दवाखान्यातील डॉक्टरांनी ठिपक्यांवर अंगठा दाबून पाहिला, तोंडात व डोळ्यांत पाहिले, आणि दोनच गोष्टी विचारल्या : पाणी पिते का, आणि शू शेवटची केव्हा झाली? पाच मिनिटांत तपासणी संपली. मुलगी सुखरूप होती. कोणत्या खुणा दिसल्यास क्षणभरही न थांबता परत यायचे, हे सांगून त्यांनी आम्हाला घरी पाठविले. आजाराचे नाव त्यांनी सांगितले नाही आणि त्यावाचून आमचे काही अडलेही नाही.

त्या पाच मिनिटांत विचारले गेलेले प्रश्न घरातील तिन्ही मजकुरांत नव्हते. मजकुरांतील माहिती चुकीची नव्हती. ती दुसऱ्याच प्रश्नाची होती. प्रस्तुत लेखाचा उगम या विसंगतीत आहे.

२. व्याप्ती व भूमिका :
प्रस्तुत लेखिका वैद्यकाची अभ्यासक नसून भाषा व साहित्याची अध्यापक आहे. त्यामुळे येथे औषधोपचारांची चर्चा अभिप्रेत नाही. बालसंगोपनाची पुस्तके, वर्तमानपत्रांच्या आरोग्यपुरवण्या, दवाखान्यांतील माहितीपत्रके आणि भ्रमणध्वनीवरून फिरणारे आरोग्यसंदेश यांचा ‘लोकाभिमुख आरोग्यलेखन’ हा एक गद्यप्रकार मानून त्याच्या रचनेचे व भाषेचे परीक्षण करणे, एवढाच येथील हेतू आहे. दोष कोणा एका लेखकाचा नसून प्रकाराचा आहे, म्हणून विशिष्ट पुस्तकांची नावे घेतलेली नाहीत. साहित्यसमीक्षेने या गद्याकडे सहसा लक्ष दिलेले नाही. वस्तुतः ज्या गद्याच्या वाचनानंतर माणूस मध्यरात्री घराबाहेर पडतो किंवा पडत नाही, त्या गद्याची चिकित्सा हे समीक्षेचेच काम होय.

३. नावांची परंपरा :
पुरळाला नाव देण्याची परंपरा प्राचीन आहे. ‘माधवनिदान’ या ग्रंथात मसूरिका व रोमान्तिका यांचे वर्णन येते; मसुरेच्या डाळीएवढ्या फोडांवरून मसूरिका हे नाव पडले. दहाव्या शतकात अल्-राझी या वैद्याने देवी आणि गोवर यांतील भेद स्वतंत्र ग्रंथात मांडला. पुरळाच्या आकारावरून व क्रमावरून आजार ओळखणे ही वैद्यकाची मोठी कमाई आहे, हे नाकारता येत नाही.

सार्वजनिक आरोग्याच्या इतिहासात तर नावानेच विजय मिळवून दिला. भारतातील देवी निर्मूलनाच्या अखेरच्या टप्प्यात कार्यकर्ते देवी आलेल्या मुलाचे चित्र असलेले कार्ड घेऊन घरोघर जात आणि असा रोगी पाहिला आहे का, एवढेच विचारत. रोगी कळविणाऱ्यास बक्षीसही जाहीर केलेले होते. देशातील अखेरचा रोगी १९७५ मध्ये आढळला आणि १९८० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने जग देवीमुक्त झाल्याचे घोषित केले. शासनयंत्रणेचा प्रश्न ‘हा आजार तोच आहे का?’ असा होता, म्हणून तेथे नाव आणि चित्र पुरेसे ठरले.

मराठी आरोग्यलेखनाने हीच रचना घरापर्यंत आणली. त्यातील प्रकरणे आजारांच्या नावांनी सुरू होतात. नावाखाली कारण, लक्षणे, उपचार, प्रतिबंध असे ठरलेले कप्पे येतात आणि शेवटी ‘तज्ज्ञ डॉक्टरांचा सल्ला घ्यावा’ हे वाक्य येते. हे वाक्य घामोळ्याखालीही येते आणि मेंदूज्वराखालीही येते. सर्वच ठिकाणी लिहिलेली सूचना कोणत्याही ठिकाणी वेगळी ऐकू येत नाही. केव्हा, हा शब्द त्या वाक्यात नसतो. आणि वाचकाला नेमका तोच हवा असतो.

नावाआधारे निर्णय घेण्यातील दुसरी अडचण अशी की, धोका नावाच्या सीमा पाळत नाही. गोवर हे घराघरांत परिचित, म्हणून काहीसे सौम्य वाटणारे नाव आहे. २०२२ च्या अखेरीस मुंबईतील गोवंडी परिसरात तसेच भिवंडी व मालेगाव येथे गोवराचा उद्रेक झाला, त्यात बालकांचे मृत्यू झाले. गोवरात मूल दगावते ते बहुधा न्यूमोनियासारख्या गुंतागुंतीमुळे; म्हणजे पुरळाकडे पाहून धोका कळत नाही, श्वासाकडे पाहून कळतो. याउलट कावासाकी हा आजार घ्या. टोमिसाकू कावासाकी या जपानी बालरोगतज्ज्ञांनी १९६७ मध्ये त्याचे वर्णन प्रसिद्ध केले. या आजारात हृदयाच्या रक्तवाहिन्यांना इजा होऊ शकते आणि ती टाळण्यासाठी पहिल्या दहा दिवसांत उपचार होणे इष्ट असते. हे नाव पालकांना ठाऊक असण्याचे कारण नाही. परंतु पाच दिवस न हटलेला ताप, घाण न येता लाल झालेले डोळे, फुटलेले ओठ आणि सुजलेले हातपाय या गोष्टी कोणत्याही आईला दिसतात. तिला नाव नव्हे, दिवस मोजायला सांगायला हवे.

४. रंगाचा प्रश्न :
पुरळाच्या मराठी वर्णनांत ‘लाल’ आणि ‘गुलाबी’ ही विशेषणे सर्वाधिक आढळतात. ‘लालसर पुरळ’, ‘गुलाबी ठिपके’, ‘त्वचा लाल होणे’ अशी वर्णने गोऱ्या त्वचेवरील पुरळ पाहून लिहिलेल्या पाश्चात्त्य पाठ्यपुस्तकांतून मराठीत उतरली. आपल्याकडील बहुसंख्य मुलांच्या गव्हाळ, सावळ्या किंवा काळ्या त्वचेवर तेच पुरळ काळसर, तपकिरी किंवा जांभळट दिसते. पुष्कळदा ते दिसण्यापूर्वी हाताला लागते. लाली शोधणारी नजर अशा वेळी ‘काही विशेष नाही’ असा निष्कर्ष काढते.

हा केवळ मराठीचा दोष नाही. लंडनच्या सेंट जॉर्जेस विद्यापीठातील मलोन मुक्वेंडे या वैद्यकाच्या विद्यार्थ्याने दोन अध्यापकांसह २०२० मध्ये कृष्णवर्णीय व सावळ्या त्वचेवरील लक्षणांची ‘माइंड द गॅप’ ही पुस्तिका सिद्ध केली, ती याच उणिवेतून. मात्र तेथे ही उणीव अल्पसंख्याकांपुरती जाणवते. मराठी आरोग्यलेखनाच्या बाबतीत ती बहुसंख्य वाचकांची आहे आणि तरीही ती क्वचितच बोलली जाते.

रंगाच्या वर्णनाची मर्यादा सर्वांत गंभीर ठिकाणी उघडी पडते. मेनिंगोकोकस या जिवाणूचा रक्तात प्रादुर्भाव झाल्यास त्वचेखाली रक्त झिरपून ठिपके व चट्टे उमटतात आणि काही तासांत मुलाच्या जिवावर बेतू शकते. येथे रंगापेक्षा ठिपक्याचे वागणे महत्त्वाचे असते. बोटाने किंवा पारदर्शक काचेच्या पेल्याच्या कडेने दाबल्यावर साधे पुरळ बहुधा क्षणभर पुसट होते. त्वचेखाली साकळलेले रक्त तसेच राहते. ताप असताना दाबूनही न पुसणारे ठिपके दिसणे ही तत्काळ निघण्याची खूण होय. सावळ्या त्वचेवर हा फरक ओळखणे कठीण जाते, म्हणून तळहात, तळपाय, पापण्यांच्या आतील बाजू आणि टाळू येथे पाहावे लागते. या कसोटीलाही मर्यादा आहे. आरंभी ठिपके पुसट होणारे असू शकतात किंवा मुळीच नसतात. त्यामुळे मूल मलूल पडत असेल तर ठिपक्यांची वाट पाहणे हीच चूक ठरते.

तळहात-तळपायांचा उल्लेख आणखी एका कारणासाठी महत्त्वाचा आहे. महाराष्ट्राच्या ग्रामीण भागात गोचिडीमुळे होणारा ठिपक्यांचा ताप आढळतो. त्यातील पुरळ तळहातांवर व तळपायांवरही येते. त्याच जंतुकुळातील स्क्रब टायफसने २०१८ मध्ये विदर्भात डोके वर काढले होते. त्यात कीटक चावल्याच्या जागी काळी खपली दिसू शकते. वेळेवर ओळखल्यास दोन्हींवर डॉक्सिसायक्लिन हे परिचित औषध प्रभावी आहे. ‘अंगभर लाल पुरळ’ एवढे वर्णन वाचून तळहात उघडून पाहण्याचे किंवा काखेत, मांडीच्या सांध्यात खपली शोधण्याचे कोणाला सुचणार नाही.

५. क्रियापदांची दिशा :
मराठी लोकभाषेत पुरळाची क्रियापदे विलक्षण समृद्ध आहेत. पुरळ उठते, निघते, फुटते, बाहेर पडते. मग जिरते, बसते, सुकते, खपली धरते. आणि भीती असते ती ‘आत जाण्याची’. ही सर्व गतीची क्रियापदे आहेत. रोग शरीराच्या आत आहे, तो बाहेर आला की सुटका, अशी एक संपूर्ण कल्पना त्यांत सामावलेली आहे. देवी ‘येत’ असत. केळवे किंवा माहीम येथील शीतलादेवीच्या देवळांकडे पाहिले की आलेल्या पाहुणीचा मान राखून तिला निरोप देण्याची ही दृष्टी किती खोल रुजली होती, ते ध्यानात येते. कडुनिंबाचा पाला, माणसांची वर्दळ थांबविणे, मुलाला स्वस्थ निजू देणे या आचारांत एकांतवासाचे व्यावहारिक शहाणपणही होते.

या क्रियापदांना अंधश्रद्धा म्हणून झिडकारणे सोपे आहे. परंतु ते अन्यायाचे होईल. काही आजारांत ती खरी ठरतात. लहान मुलांना होणाऱ्या एका सामान्य विषाणुज्वरात तीनेक दिवसांचा ताप उतरल्यानंतरच अंगावर पुरळ उमटते आणि मूल खेळू लागते. गोवरातही पुरळ पूर्ण उठल्यावर काही दिवसांत ताप ओसरू लागतो. ‘बाहेर पडले की बरे’ हे वाक्य अशाच अनुभवांतून घडले असावे.

धोका निर्माण होतो तो हे वाक्य सर्व पुरळांना लावल्यामुळे. डेंग्यूमध्ये ही दिशा उलटी असते. आजाराच्या साधारण तिसऱ्या ते सातव्या दिवसादरम्यान ताप उतरतो आणि नेमक्या त्याच वेळी रक्तवाहिन्यांतून द्रव पाझरू लागून मुलाची प्रकृती ढासळू शकते. ‘ताप उतरला’ या दोन शब्दांनी घरात सुटकेचा निःश्वास टाकला जातो, त्या वेळी पोटात सतत दुखणे, उलट्या न थांबणे, हिरड्यांतून वा नाकातून रक्त येणे, हातपाय गार पडणे, मूल सुस्त किंवा अस्वस्थ होणे यांकडे डोळ्यांत तेल घालून पाहावयाचे असते. मेनिंगोकोकसच्या बाबतीत तर पुरळ बाहेर पडणे ही सुटका नसून अखेरचा इशारा ठरू शकतो.

मुद्रित आरोग्यलेखनाने या क्रियापदांशी संवाद साधलाच नाही. त्याने ती टाळली आणि त्यांच्या जागी ‘उद्भवणे’, ‘प्रादुर्भाव होणे’, ‘निदर्शनास येणे’ अशी दिशाहीन क्रियापदे आणली. परिणामी पुस्तकातील भाषा पुस्तकात राहिली, आणि मध्यरात्रीचा निर्णय ‘बाहेर पडतंय ते बरंच’ या जुन्या वाक्यानेच होत राहिला. सासूबाईंच्या वाक्याला उत्तर देऊ शकेल असे वाक्य आमच्या पुस्तकांनी आम्हाला दिले नव्हते.

६. एक पर्यायी रचना :
या संदर्भात एका निराळ्या मजकुराचा विचार उद्बोधक ठरतो. जागतिक आरोग्य संघटना व युनिसेफ यांनी १९९० च्या दशकाच्या मध्यास बालपणातील आजारांच्या एकात्मिक व्यवस्थापनाची पद्धती तयार केली. भारतात ती नवजात बालकांचा समावेश करून स्वीकारली गेली. तिचा तक्ता ‘विचारा’, ‘पाहा’, ‘ऐका’, ‘स्पर्श करा’ अशा आज्ञार्थी क्रियापदांवर उभा आहे. त्यात सर्वप्रथम चार प्रश्न येतात : मुलाला पिता येते का? घेतलेले सर्व उलटून पडते का? झटके आले का? मूल सुस्त वा बेशुद्ध आहे का? यांपैकी एकाचेही उत्तर धोक्याकडे बोट दाखवीत असेल, तर पुढील ओळख होण्याआधीच निर्णय झालेला असतो. गुलाबी रंगाची पट्टी म्हणजे तातडीने पाठविणे, पिवळी म्हणजे उपचार देऊन लक्ष ठेवणे, हिरवी म्हणजे घरी काळजी घेणे.

रचनेच्या दृष्टीने या तक्त्याने आरोग्यलेखनाचा क्रमच उलटविला आहे. येथे मूल आधी येते, आजार नंतर. अर्थात तोही निर्दोष नाही. पुरळाच्या बाबतीत तो प्रामुख्याने गोवराकडे पाहतो. शिवाय तो आरोग्यकर्मचाऱ्यांसाठी लिहिलेला असल्याने आईच्या हाती पोहोचत नाही. तथापि, पालकांसाठी लिहिणाऱ्याने यातील माहितीपेक्षा क्रम उचलावा, असे सुचवावेसे वाटते.

७. घरगुती भाषेचे बळ :
तक्त्यातील चार प्रश्नांसाठी मराठी घरांत शब्दांची वाण मुळीच नाही. मूल मलूल झाले, निपचित पडले, मान टाकली, डोळे फिरवले, ओळख देईना, अंगावर घेईना, घोटभर पाणी ठरेना, रडण्याचा सूर बदलला, छातीचा भाता झाला, बरगड्या आत ओढल्या जातात : हे प्रत्येक वर्णन वैद्यकीय दृष्ट्या अर्थपूर्ण आहे आणि आजीपासून आशा स्वयंसेविकेपर्यंत सर्वांना ते कळते. आरोग्यलेखनाने त्यांच्या जागी ‘ग्लानी’, ‘निर्जलीकरण’, ‘श्वसनास अवरोध’ हे शब्द योजले. सव्वा वर्षाचे मूल ‘मला कसेसेच होते’ असे सांगू शकत नाही. त्याच्या वतीने बोलण्यासाठी शतकानुशतके घडलेली ही भाषा प्रमाण गद्याने बाजूस सारणे, हे केवळ शैलीचे नुकसान नव्हे.

येथे एक आक्षेप संभवतो. अशा खुणा सांगितल्यास पालक घाबरतील आणि प्रत्येक घामोळ्यासाठी दवाखाने भरतील. आक्षेप अगदीच निराधार नाही. रात्रीचा प्रवास, शेवटची एसटी चुकणे, बुडणारी मजुरी यांची किंमत गरीब कुटुंबाला मोठी असते. परंतु नेमक्या खुणा निघण्याबरोबर थांबण्याचाही आधार देतात. मूल खेळते आहे, पाणी पिते आहे, शू करते आहे, ठिपके दाबल्यावर पुसट होतात, श्वास सरळ आहे, हे पाहता आले तर सकाळपर्यंत जागरूकपणे थांबणे हा विचारपूर्वक घेतलेला निर्णय ठरतो. भीती वाढते ती ‘डॉक्टरांचा सल्ला घ्यावा’ या सर्वत्र सारख्याच वाक्यामुळे.

८. निष्कर्ष :
१) पुरळाविषयीचे मराठी आरोग्यलेखन आजाराच्या नावाभोवती रचलेले आहे. शासनयंत्रणेला उपयुक्त ठरलेली ही रचना घरातील निर्णयाला अपुरी पडते.
२) ‘लाल’ या विशेषणावर विसंबलेली वर्णने सावळ्या त्वचेच्या मुलांवर अन्याय करतात. स्पर्श, दाबल्यावर होणारा बदल आणि तळहात, पापण्या, टाळू या जागा यांना वर्णनात स्थान हवे.
३) ‘बाहेर पडणे’ आणि ‘उतरणे’ या क्रियापदांमधील आश्वासन कोठे खरे व कोठे फसवे, हे लेखनाने स्पष्टपणे सांगावयास हवे.
४) लेखनाचा क्रम असा असावा : प्रथम मुलाची अवस्था, मग श्वास, ओठ व चेहऱ्यावरील सूज, मग दाबून न पुसणारे ठिपके, मग तोंडात वा डोळ्यांत फोड येणे व कातडी सुटणे, विशेषतः नवे औषध दिल्यानंतर, मग तापाचे दिवस, आणि सर्वांत शेवटी आजाराचे नाव. अंगावर पित्त उठून ओठ सुजले किंवा श्वास घुसमटू लागला, तर मिनिटांचा प्रश्न असतो आणि १०८ हा क्रमांक त्याच ओळीत छापलेला असावा.
५) लसीकरणाची माहिती या लेखनाचा अविभाज्य भाग असावी. गोवर-रुबेला लसीचे नऊ ते बारा व सोळा ते चोवीस महिन्यांच्या दरम्यानचे दोन डोस पूर्ण झाले असतील, तर गोवराच्या रात्रीची भीती पुष्कळच कमी होते.

त्या रात्री परतताना सासूबाईंनी विचारले होते, “काय नाव सांगितलं?” आम्ही म्हणालो, “नाव नाही सांगितलं. काय बघायचं ते सांगितलं.” त्या पहाटेपर्यंत नातीच्या उशाशी बसून होत्या. दर थोड्या वेळाने तिच्या तळहातावर अंगठा दाबून पाहत होत्या आणि चमच्याने पाणी पाजत होत्या. जी भाषा त्यांच्या हाती एवढे काम देऊ शकली, तीच आरोग्यलेखनाची भाषा असावयास हवी.